कामाचा शुक्रवार

कामगारांच्या इतिहासात आजचा शुक्रवार सोनेरी अक्षरांनी लिहिला जाईल, असं सुदेश रसायनांच्या कारखान्याच्या गेटबाहेर स्टुलावर चढून सांगत होता. समोर दोघं होती. त्यांतला एक, स्टूल परत न्यायला आलेला चहावाला.

आठला गेट बंद होणार होतं. पावणेआठ झाले होते.

देशव्यापी संपाची तारीख कामगार महासंघाने दिल्लीत ठरवली होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असते, हे दिल्लीत कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सुट्टीच्या दिवशी संप म्हणजे झोपेत पाळलेलं मौनव्रत. युनियनचा सेक्रेटरी सुदेश तत्त्वाचा माणूस. त्याने मॅनेजर ऋतुराजसाहेबांना रीतसर पत्र दिलं: सुट्टी बुधवारी द्यावी, शुक्रवार कामाचा करावा, म्हणजे आम्हाला कामावर न येता येईल. साहेबांनी वाचता वाचताच सही केली. बुधवारी सगळे घरी झोपले. गुरुवारी संध्याकाळी फलकावर नोटीस लागली: उद्या गैरहजर राहणाऱ्याचा आठ दिवसांचा पगार कापला जाईल, कंत्राटी कामगारांनी पुन्हा येऊच नये.

सातपासून माणसं मान खाली घालून आत जात होती. आता रिअ‍ॅक्टरवरचा जुना गडी नाथा आला.

"नाथाशेठ, तू पण?"

"मना नको अडवू रं. पोरीचा साखरपुडा हाय."

"बुधवारी सुट्टी घेतलीस ना?"

"घेतली. बुधवारी कंचा संप होता?"

नाथा आत गेला. चहावाल्याने स्टूल मागून घेतलं.

राहिली दर्शना. दिव्याहून लोकलने यायची, चार वर्षं पॅकिंगला, कंत्राटावर. कंत्राटी कामगारांना कायम करा, ही संपातली पहिली मागणी. त्या मागणीसाठीच ती थांबली होती.

"दादा, खरं सांगा. बाहेर अजून कोण राहिलंय?"

"आपण आहोत ना."

"नवरा म्हणाला, येडी आहेस तू. मी म्हटलं, सुदेशदादा आहेत."

आतून कंत्राटदाराचा माणूस विकी ओरडला, "ए दर्शना, लास्ट टाइम विचारतोय! येतेस की नाव काटू?"

तिने सुदेशकडे पाहिलं. सुदेशने घड्याळाकडे. 'तू जा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ती गेली की संपही गेला.

"थांब," तो म्हणाला. "मी आत जाऊन साहेबांशी बोलतो. पाच मिनिटं."

"या बोलून. मी आहे इथेच."

वॉचमनने छोटं दार उघडलं. सुदेशने सवयीने कार्ड हजेरीच्या मशीनला लावलं. भोंगा वाजला. मागे गेट सरकत बंद झालं.

साहेब मीटिंगमध्ये होते. सुदेश पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून राहिला. अकराला कुणीतरी चहा आणून दिला, तो त्याने प्यायला. खिडकीतून गेट दिसत होतं, म्हणून खुर्ची फिरवून घेतली.

दर्शना दुपारपर्यंत उभी होती म्हणतात.

याला दोन वर्षं झाली. पत्रात 'या आठवड्यापुरती' हे शब्द घालायचे राहून गेल्यामुळे सुट्टी बुधवारचीच राहिली. शुक्रवारी सगळी वसाहत बंद असते आणि हा एक कारखाना चालतो. पॅकिंगला दर्शनाच्या जागी तिघी येऊन गेल्या. सेक्रेटरी सुदेशच आहे.

त्या वेळी महासंघाच्या अहवालासाठी त्याने कारखान्याचा आकडा कळवला होता: संपात सहभागी, एक. महासंघाने तो शून्य केला. अहवालात फक्त युनियनचे सभासद धरायचे होते, आणि कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव पुढच्या सभेवर ढकललेला होता. तो अजून पुढच्या सभेवर आहे.