चेकनट आणि शुभेच्छुक

वाघोलीच्या अलीकडचा उड्डाणपूल आयटीवाल्यांच्या बसगाड्यांसाठी बांधला होता. बाकीच्यांना त्यावरून जायला मनाई नव्हती, एवढंच. पुलावरचे दिवे उत्कर्षाच्या ताब्यात होते. तिच्या वर्गातले बाकीचे इंजिनिअर एव्हाना हिंजवडीत एसीत बसून अमेरिकेच्या अडचणी सोडवत होते. ही उन्हात बसून खांबांच्या.

पुलावर खांब पुरता येत नाही, कारण खाली माती नसते, हवा असते. म्हणून कठड्याच्या काँक्रीटमध्ये आधीच चार बोल्ट पक्के करतात, खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट त्यांच्यावर बसवतात आणि वरून नट आवळतात. ट्रक गेला की पूल थरथरतो आणि नट हळूहळू सैल होतो. तसं होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर आणखी एक नट बसवतात. तो चेकनट. खालच्याला हलू न देणं एवढंच त्याचं काम, आणि तो ते कुणाला न सांगता करतो, म्हणून कुणाला ठाऊक नसतो.

त्या दुपारी पुलाच्या मधल्या खांबावर पुढारी रंगरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स झळकत होता आणि खांब झुलत होता. उत्कर्षाने वाकून पाहिलं. चारही चेकनट गायब.

"ते व्हय," फ्लेक्सच्या राखणीला बसलेला सर्जेराव म्हणाला. "एकेका बोल्टला दोन-दोन नट हुते. जास्तीचे वर लावले. फ्रेम बघा की, कशी टाईट हाय."

फ्रेम खरंच टाईट होती. फ्लेक्स पडण्याची भीती अजिबात नव्हती. पडलाच तर खांबासकट पडणार होता, एखाद्या भरल्या बसवर. आणि लोणीकंदच्या बाजूला वळवाचं आभाळ जमत होतं.

उत्कर्षाने ऑफिसात फोन लावला. श्रीधरसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फ्लेक्स उतरवायचा नाही," ते म्हणाले, "आणि खांब पडता कामा नये. बाकी तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे."

"मग निदान वाहतूक थांबवू?"

"अहो, रंगरावांची मिरवणूक त्याच पुलावरून आहे. थांबवून कसं चालेल?"

वर लावलेले चेकनट काढले तर फ्लेक्स उतरणार, आणि नवे येईपर्यंत वळीव थांबणार नव्हता. उरला एकच उपाय. फ्लेक्सला भोकं पाडायची, म्हणजे वारा आरपार जातो.

"पाडा की," सर्जेराव म्हणाला. "फक्त रंगरावसाहेबांना सोडून."

साहेबांना सोडून फ्लेक्सवर उरत होती ती खालची शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग.

"दशरथपासून सुरू करा. त्याचा फोटू उगाच मोठा हाय."

दशरथ ब्लेड घेऊन शिडीवरच उभा होता. त्याने पहिलं भोक रांगेतल्या सर्जेरावाच्या तोंडाला पाडलं.

"असं हाय व्हय," सर्जेराव म्हणाला आणि त्याने दुसरं ब्लेड मागवलं.

मग काम झपाट्याने झालं. कार्यकर्त्यांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे उत्कर्षा प्रथमच पाहत होती. रांगेत एकही तोंड उरलं नाही. पण वारा सुटला आणि खांब करकरला.

"पुरत नाही," ती म्हणाली.

तिघांनी वर पाहिलं. वर नुसते रंगराव होते. कपाळ, गॉगल, दात.

"आपली तोंडं तर गेलीच हायत," दशरथ म्हणाला.

"साहेब इचारतील की."

"इचारू दे. कुठून घेऊ, ताई?"

"जिथे रुंदी जास्त आहे तिथून."

दोघांनी एकमताने दात निवडले.

मिरवणूक पुलावर आली तेव्हा वाऱ्याने टोप्या उडत होत्या. मागे बसगाड्यांची रांग लागली होती. खांब जागचा हलला नाही. फक्त फ्लेक्सवरचे रंगराव दातांतून लांबलचक शिट्टी घालत होते.

उघड्या जीपमधल्या रंगरावांनी गाडी थांबवली. मान वर करून बराच वेळ ऐकलं.

"हे काय रं?"

"नवीन टेक्नॉलॉजी हाय, साहेब," सर्जेराव म्हणाला. "आयटीवाल्यांची."

रंगरावांनी पुलावरचे सगळे खांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळले.

"मग एकच का लावलाय?"