रस्त्याचे मानलेले आईबाप

इत्सेल नऊ वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या रक्ताचा कागद माझ्यापुढे ठेवला. "साखर अगदी काठावर आहे. हिला रोज तासभर पळू द्या. चांगला घाम येऊ दे." मी मान डोलावली. मनात म्हटलं, पळवू कुठे, न्हाणीघरात?

पोर शाळेतून आली की घरात कोंडलेली असायची, आणि कोंडणारी मीच. नवरा तेलविहिरींवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. मी संध्याकाळी सातपर्यंत लाँड्रीत इस्त्री करत उभी. आमच्या गल्लीच्या टोकाला मैदान आहे, तिथे पाच वाजता मुलींचा फुटबॉल चालतो. इत्सेल खिडकीला नाक लावून त्यांचा आरडाओरडा ऐकायची आणि चिप्स खायची.

अडचण होती मैदानाच्या वाटेवर राहणाऱ्या म्हाताऱ्या डॉन रेफुहिओच्या काळ्या कुत्र्याची. दोन वर्षांपूर्वी त्याचं फाटक उघडं राहिलं आणि कुत्रा इत्सेलच्या मागे लागला. चावला नाही, पण पोर इतकी घाबरली की आठवडाभर झोपेत किंचाळायची. मी भडकून महापालिकेला फोन केला. त्यांनी कुत्रा दहा दिवस डांबून ठेवला. तेव्हापासून म्हातारा आणि मी एकमेकांचं तोंड बघत नव्हतो.

डॉक्टरबाईंचं बोलणं मी शेजारच्या चायोबाईंना सांगितलं, तर त्या माझ्यावरच खेकसल्या. "अगं आंपारो, हिच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला तू केकला मानलेली आई शोधलीस, बुटांना शोधलीस, मेणबत्तीलासुद्धा शोधलीस! मग रस्त्याला का नाही शोधत?"

आमच्यात सोहळा एकट्याने पेलत नाही, म्हणून एकेका वस्तूला एकेक मानलेला बाप नाहीतर मानलेली आई असते. हो म्हटलं की ते माणूस घरचं झालं. मग त्याला कोम्पाद्रे, तिला कोमाद्रे म्हणायचं, त्यांनीही पोराच्या आईबापांना तसंच म्हणायचं आणि जुनी भांडणं गिळायची. पण रस्त्याला मानलेले आईबाप? मी हसले, चायोबाई मात्र हसल्या नाहीत.

आमच्या दारापासून टायरच्या दुकानापर्यंतचा रस्ता त्यांनी स्वतःकडे घेतला. पुढचा तुकडा दुकानवाल्या एलिहिओला दिला. मैदानाजवळचा पाववाल्या सोकोरोने घेतला. पाचच्या आधी ज्याने त्याने खुर्ची टाकून बसायचं आणि पोर आपल्या हद्दीतून जाईपर्यंत नजर हटवायची नाही. राहिला फक्त एलिहिओ आणि सोकोरो यांच्यामधला तुकडा, म्हाताऱ्याच्या दारासमोरचा.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मक्याच्या पिठाचे वाफवलेले ताटभर तामालेस घेऊन मी त्याचं दार वाजवलं.

"माझ्या कुत्र्याला तुरुंगात धाडलंस तू," तो जाळीआडून म्हणाला. "दहा दिवस अन्नाला शिवला नाही तो."

विनवायला गेले होते, पण माझी जीभ कुठली ऐकते! "माझी पोर दोन वर्षं तुरुंगात आहे, डॉन रेफुहिओ. तिलाही मीच घातलंय. तुमचा कुत्रा निदान दहा दिवसांनी सुटला."

त्याने दार किलकिलं करून ताट आत घेतलं आणि दार लावलं. हो नाही की नाही नाही.

मंगळवारी, पोर पहिल्यांदाच मैदानावर जाणार त्या दिवशी, दाढ दुखते अशी थाप मारून मी लाँड्रीतून निसटले आणि टायरच्या दुकानाशी उभ्या ट्रकमागे लपले. इत्सेल निघाली. चायोबाई ओरडल्या, "पळ गं, माझी हद्द संपली!" एलिहिओने टाळ्या वाजवल्या. पुढे मात्र खुर्ची नव्हती. पोर जागीच थांबली, फाटकाकडे बघत. तिला माघारी बोलवायला मी तोंड उघडलं, तोच म्हाताऱ्याचं दार उघडलं.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, चर्चला घालायची टोपी, चकचकीत बूट. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने खुर्ची फरफटत आणलेली. ती त्याने बंद फाटकाला टेकवून ठेवली आणि वर स्वतः बसला.

"कुत्रा स्वयंपाकघरात आहे. दाराला टेबल लावलंय."

इत्सेल हलेना.

"भीती वाटते? वाटू दे. घाबरलेला माणूस जास्त जोरात पळतो. बघू तरी!"

आणि माझी पोर पळाली. पिशवी पाठीवर आपटत, वेणी सुटलेली, सोकोरोच्या खुर्चीपाशीसुद्धा न थांबता थेट मैदानात. या गल्लीला मी दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता एकेकाच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी तोंडात पदराएवढा रुमाल कोंबून रडत होते.

म्हाताऱ्याने मान वळवलीसुद्धा नाही. मैदानाकडे बघतच तो म्हणाला,

"ट्रकमागे कशाला रडताय, कोमाद्रे? जा कामावर. पोचली आपली पोर."