जानकीचं गाऱ्हाणं

नववीत जानकीने हात वर करणं सोडलं होतं. उत्तर येत असूनसुद्धा. तिचे बाबा, राजाराम, पालकसभेला झिंगून आले आणि बाकावरून घसरले. तेव्हापासून तिने तोंड उघडलं की मागच्या बाकावरचा चंदर दारुड्यासारखी उचकी द्यायचा, "हिक्!" आणि वर्ग फिदीफिदी.

गिरणी बंद पडण्याआधी राजाराम म्हणजे भटवाडीतला गाऱ्हाण्याचा माणूस. पूजा कुणाचीही असो, नारळ हातात घेऊन देवाला मालवणीत साकडं घालायचं ते त्यानेच, आणि दर वाक्याला चाळीने "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आता त्याच्या हातात नारळ द्यायला लोक बिचकत.

गॅदरिंगच्या नाटुकल्यात नेमकं गाऱ्हाणं होतं. मृणालिनीबाई म्हणाल्या, "जानकी, तूच."

"नको ना बाई. बाबा आले तर?"

"आले तर ऐकतील."

गॅदरिंगच्या संध्याकाळी तिने स्टेजवर नारळ धरला, "बा देवा म्हाराजा" म्हटलं, आणि प्रेक्षकांतून आलंच, "हिक्!" हशा पिकला. दाराशी बघते तर बाबा. चौकटीला टेकलेले, आज चौकट होती म्हणून उभे होते.

पाठ केलेलं सगळं उडालं. उरलं ते लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून ऐकलेलं.

"ह्या पोरांची चूकभूल पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुढच्या रांगेतल्या आयांनी सवयीनेच ओ दिली.

"कोणाचो बापूस सांजेक वाट चुकता असात, तर तेचे पाय घराकडे वळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला.

"आणि जो तेच्या पोराक हसता, तेका पण जरा अक्कल दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज चंदरचा. आपण काय म्हटलं हे कळेपर्यंत शेजारी बसलेल्या आईने त्याच्या डोक्यात टपली हाणली होती.

मग दारातून एक आवाज आला. उशिरा, एकटा, पण जुना खणखणीत. "व्हय म्हाराजा!" बाबांनी चौकट सोडून दोन्ही हात जोडले होते. आणि पडले नव्हते.

जानकीने नारळ असा आपटला की एका फटक्यात दोन शकलं. टाळ्या थांबेनात.

राजाराम त्यानंतर कधीच प्यायला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण सोमवारी बाईंनी गणित घातलं, तेव्हा पहिला हात जानकीचा होता. मागून चंदरने तोंड उघडलं, वर्गाने कान टवकारले.

"व्हय म्हाराजा," तो हळूच म्हणाला.

वर्ग हसला. सगळ्यांत आधी जानकी.