दुसरी नको म्हटलं

काल काय खाल्लंत विचारलं की माणसं आधी थापा मारतात आणि मग खरंच विसरतात. परळच्या आहार-संशोधन केंद्रात अठरा वर्षं काढलेल्या डॉक्टर मायाला हे पाठ होतं. वडापाव कुणाला आठवत नाही, काकडी मात्र सगळ्यांना आठवते. मग ती शेजारच्याच्या ताटात का असेना.

म्हणून तिला भिवाकाकांच्या उत्तरांची पानं आवडायची. लालबागच्या चाळींतल्या साठीपुढच्या दीडशे माणसांचं खाणं, वजन आणि रक्तातली साखर ती मोजत होती. दर पंधरा दिवसांनी फोन, काल काय खाल्लंत? एकाहत्तर वर्षांच्या, गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या काकांचं उत्तर ताट मांडल्यासारखं यायचं. "जय भीम पोरी. लिही. सुकटीचं कालवण वाटीभर, वर उभा चिरलेला कांदा. तांदळाची भाकरी एक. दुसरी नको म्हटलं."

सोमवारी आकडेवारी बघणारा नील वैतागून आला. "मॅडम, एकशेबारा नंबर काढून टाकू या. जेवण सांगतो पोटभर आणि आठ महिन्यांत सहा किलो उतरलाय. एकतर काटा खोटा, नाहीतर म्हातारा."

"म्हातारा नाही रे, काका म्हण," माया म्हणाली आणि पानं घेऊन बसली.

प्रत्येक पानावर तेच. दुसरी नको म्हटलं. काका एकटे राहायचे. त्यांची बायको, कालिंदीकाकू, गेल्या जूनमध्ये वारल्या. मग हे नको म्हटलं कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फोन न करताच पोचली. काका खाटेवर बसून चहात खारी बुडवत होते. तिला बघून त्यांनी बशी उशीमागे सरकवली.

"हेच जेवण?"

"आज जरा उशीर झाला."

"काका."

ते खारीचा चुरा झटकत राहिले. "तू विचारतेस ना, काय खाल्लं म्हणून. बाकी कोण विचारतंय? मग मी आठवतो. बुधवार असला तर ती काय करायची, शुक्रवारी काय. तेच सांगतो."

"तुम्हाला स्वतःला काही रांधता येत नाही?"

"येतं की. सुकट आहे, पीठ आहे. मसाला नाही."

"आणि तो?" फळीवर फडकं बांधलेली काचेची बरणी होती.

"तो तिचा आहे. संपेल."

दर एप्रिलला काकू लालबागला डंकाच्या मशीनसमोर उभ्या राहून वर्षाचा मसाला कुटून घ्यायच्या. प्रमाण विचारलं तर म्हणायच्या, ते माझ्या हाताला विचार. मायाची आईही अशीच. आईची शेवटची बरणी मायाने कधी संपवली, तिला कळलंसुद्धा नव्हतं. मोबाईल बघत कुठल्यातरी मटकीत शेवटचा चमचा गेला असेल. अर्ध्या मुंबईचं खाणं ग्रॅममध्ये लिहिलेल्या बाईच्या वहीत आईची चिमूट तेवढी नव्हती.

तिने पिशवीतला काटा काढला. बरणीएवढी रिकामी बरणी शोधून तिचं वजन वजा केलं. "तीनशे वीस ग्रॅम. रोज एक चमचा म्हणजे पाच. चौसष्ट दिवस."

"आणि मग?"

खाल्लेल्या घासाचं शरीरात पुढे काय होतं, हे ती तासभर सांगू शकली असती. "मग नाही, काका," ती म्हणाली. "पण नाही वापरलात तरी जाणारच. पावसाळा लागेपर्यंत वास उडून नुसती लाल पूड उरेल."

काकांनी बरणी जवळ ओढली. मग त्यांनी गाठ सोडली. वास खोलीभर पसरला तसे ते शेगडीकडे वळले आणि ती खिडकीकडे.

कालवण झालं. भाकऱ्यांपैकी एक जळली, दोन जमल्या. काका जेवायला बसले, माया कागद घेऊन समोर. आधीची पानं अभ्यासातून काढावी लागणार होती. ती फाडायची नाहीत, एवढं तिने ठरवून टाकलं.

"कालवण, वाटीभर," तिने लिहिलं.

"खारट झालंय. तेही लिही."

"भाकरी?"

"एक."

तिने दुसरी उचलून पुढे केली.

"नको गं."

तिने अर्धी मोडून त्यांच्या ताटात टाकलीच. त्यांनी ती कालवणात बुडवून खाल्ली. तिने लिहिलं, दीड.

हात धुऊन काकांनी बरणीला फडकं बांधलं, गाठीवर गाठ मारली आणि ती फळीवर पाठीमागे सरकवली.

"त्रेसष्ट," ते म्हणाले.