घड्याळाचा सराव

वायरमनकाकांना लबाडी जमत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. म्हणूनच त्या उन्हाळ्यात ती त्यांना इतकी झकास जमली. थाप पकडायची तर आधी माणसावर संशय यावा लागतो, आणि काकांवर तो कधी कोणाला आलाच नव्हता.

सुरुवात अगदी सरळ झाली होती. काका निवृत्त झाले, मग काकू गेल्या, मग काकांची साखर वाढली. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, चिमीनं, फोनवर फर्मान काढलं. "बाबा, उन्हाळा संपता संपता तुमच्याकडे हाफ मॅरेथॉन आहे. एकवीस किलोमीटर. आपण दोघांनी पळायचं. मी नावं घातलीत." पाठोपाठ तिनं एक घड्याळही पाठवलं. ते मनगटावर बांधून पळायचं, म्हणजे बाबा किती पळाले ते तिला तिच्या फोनवर दिसणार.

काका पळू लागले. पळण्यात त्यांना काही राम वाटला नाही, पण फोन! पूर्वी चिमी रविवारी फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, बरं ठेवते. काकू होत्या तेव्हा मायलेकी तासन्‌तास बोलायच्या आणि काका पेपर पुढे धरून ऐकायचे, तेवढाच त्यांचा वाटा. आता मात्र ती एक दिवसाआड फोन करू लागली. दम किती लागला, गुडघा काय म्हणतो, इथून निघालेलं बोलणं तिच्या खडूस साहेबावर जायचं, तिथून घरमालकिणीवर, आणि एकदा तर मोडलेल्या लग्नावरसुद्धा. काकूंशिवाय हे सगळं ती कोणाशी बोलली नव्हती. काका फोन ठेवायचे आणि एकटेच हसत बसायचे.

मग मेळे सुरू झाले. उन्हाळ्यात दर शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या मैदानावर गाणीबजावणी, पाळणे, दुकानं. दिवे लावायचं काम काकांचं. हौसेचं काम, पण मान असा की काकांनी खटका दाबल्याशिवाय मेळ्याला सुरुवात होत नसे. वर दुपारी जुने रेडिओ उघडून बसायचा नाद होताच. शिडीवर चढउतार करून गुडघा सुजला, सकाळी जाग येईना, आणि आठवडाभर पळणं बुडालं. नेमका त्याच आठवड्यात चिमीचा एकच फोन आला, तोही घाईघाईत. पळणं थांबलं की फोन थांबणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

शेजारच्या नर्सबाई रोज सकाळी लांबच्या वाटेनं पळत हॉस्पिटलला कामावर जायच्या. काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"बाई, तुम्ही पळताच आहात, तर हे घड्याळ घालून पळा ना."

"काका, ही लबाडी आहे बरं का!"

"लबाडी कसली? गुडघा माझा दुखतोय. घड्याळाला तरी व्यायाम होऊ दे."

बाई हसल्या आणि फसल्या. त्या सकाळी घड्याळ बांधून पळायच्या, हॉस्पिटलात पोचल्या की कपाटात ठेवायच्या आणि संध्याकाळी काकांना आणून द्यायच्या. काकांचा सराव असा जोरात सुरू झाला, आणि काका आरामात दिव्यांच्या माळा लावत, रेडिओ खोलत बसले.

आणि फोन? फोन आता रोज! एकही दिवस खाडा नाही. काकांना वाटलं, पोरगी बापाच्या पळण्यावर बेहद्द खूश आहे. प्रश्न तरी किती बारीक विचारायची! जेवण जातं ना? वजन उतरलंय का? रात्री झोप लागते? काका ठणकावून सांगायचे, "अगं, ठणठणीत आहे मी!" मग ती हळूच विचारायची, "बाबा, मला काही सांगायचंय का?" काका म्हणायचे, "छे! तू सांग, तुझा साहेब काय म्हणतो?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी चिमी आली. दारातच तिनं बापाला घट्ट मिठी मारली आणि सोडेचना. मग त्यांचे दंड चाचपून पाहिले. खरं सांगून टाकायचं असं काकांनी सकाळपासून घोकलं होतं, पण तिचा तो चेहरा पाहून धीर झाला नाही. उद्या पाय मुरगळला म्हणू, असं मनाशी ठरवून ते झोपले.

सकाळी छातीवर नंबर लावून दोघं गर्दीत उभे राहिले. शिट्टी झाली. पहिला चौक काकांनी ऐटीत पार केला. दुसऱ्या चौकात धाप लागली, आणि पुलाच्या चढावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय मुरगळल्याचं नाटक करायलाही अंगात त्राण उरलं नाही. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

चिमी पांढरीफटक पडली. "बाबा! छातीत दुखतंय? तुमचे डॉक्टर कोण आहेत? मला आत्ताच्या आत्ता नाव सांगा!"

"कसले डॉक्टर? अगं, दम लागलाय नुसता. मी पळतच नव्हतो. ते घड्याळ नर्सबाई घालत होत्या."

"कोण नर्सबाई?"

"शेजारच्या. पळत कामावर जातात."

चिमी त्यांच्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायलाच लागली. काका गडबडले. शर्यतीतल्या लोकांनी वळून वळून बघितलं.

"घड्याळात नकाशा असतो, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "उन्हाळाभर रोज सकाळी तुम्ही हॉस्पिटलात जाताय आणि संध्याकाळपर्यंत तिथंच आहात, हे दिसत होतं मला. आणि फोनवर म्हणे ठणठणीत!"

"अगं वेडे, आजारी माणूस पळत पळत हॉस्पिटलला जातो का?"

"मला काय माहीत! तुमचा काय भरवसा, टॅक्सीचे पैसे वाचवायला जाल!" ती ओरडली. "आईच्या आजारपणात तुम्ही दोघांनी हेच केलं होतंत. माझी बढतीची परीक्षा होईपर्यंत सगळं छान आहे म्हणालात. मला वाटलं, आता तुम्हीपण. रोज फोन करत होते, आज तरी सांगतील म्हणून. आज पळायला उभी राहिले तीही, आता तरी जमणार नाही म्हणाल म्हणून."

काकांच्या लक्षात आलं, आपण शिडीवर चढून दिवे लावत होतो, आणि ही पोर रोज संध्याकाळी आपला श्वास ऐकत होती. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. लेकीची माफी त्यांनी आजवर कधी मागितली नव्हती, ती मागितली.

"पण का केलंत असं?" चिमीनं नाक पुसत विचारलं.

"पळणं बंद झालं असतं तर तू फोन केला नसतास."

"केला नसता तर तुम्ही करायचा!" ती ताडकन म्हणाली. "काही झालेलं नसताना, नुसतं बोलायला, एकदा तरी मला फोन लावलाय तुम्ही?"

काकांनी आठवून पाहिलं. ती शिकायला गेली तेव्हा फोन काकूंनी लावला होता. नोकरी लागली तेव्हाही काकूंनीच. काकू गेल्यावर ते फोनशेजारी बसायचे, तो वाजायची वाट बघत. स्वतःहून लावलेला एकही फोन त्यांना आठवला नाही.

"नंबर पाठ आहे मला तुझा," ते पुटपुटले.

"पाठ असून काय करायचंय, बाबा? लावायचा असतो तो."