तिसरी जाहिरात

बेकरी दोघा भावांची. मागे भट्टीपाशी दादा, पुढे गल्ल्यावर अण्णा, आणि मधल्या खोलीत पीठ मळणारा पैलवान. पैलवान हे नाव त्याच्या दंडांवरून पडलं होतं, कुस्ती त्याने उभ्या जन्मात खेळली नव्हती.

या बेकरीत घड्याळ नव्हतं. पूर्वी एकदा पैलवानाने हौसेने भिंतीवर टांगलं, तर दादांनीच ते काढायला लावलं. "पाव झाला की पाव सांगतो, काट्याला कशाला विचारायचं?" असं म्हणाले. आणि ते खरंही होतं. दादा स्टुलावर बसून नुसता वास घ्यायचे आणि नेमक्या क्षणी भट्टीचं लोखंडी दार उघडायचे. दार एकदाच उघडायचं, हा वडिलांचा नियम. मधे डोकावून बघितलं की धग जाते आणि पाव रुसतात. अण्णा पुढे गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या दादाचं नाक फार तिखट. त्याच्यापुढे घड्याळ म्हणजे किस झाड की पत्ती." सांगून सांगून सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं.

आणि गेल्या हिवाळ्यात दादांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कांदा नाही, साबण नाही, घासलेट नाही, कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसलं येतंय. दादांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. सांगणार कशी? अण्णा मागेच बोलून गेले होते, "दादाचं नाक आहे तोवर ही भट्टी. मग विजेची आणू, बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं." म्हणजे नाक गेल्याचं कळलं की बापाने बांधलेली भट्टी पाडणार आणि दादांना पुढे गल्ल्यावर सुटे मोजायला बसवणार.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर एक घड्याळ टांगायचं. कुठल्या तोंडाने टांगणार? स्वतःच काढायला लावलेलं घड्याळ स्वतःच परत लावलं असतं, तर अण्णांनी त्याच दिवशी ओळखलं असतं.

दादांनी युक्ती काढली. कपाटातला जुना टेपरेकॉर्डर काढला आणि एक कॅसेट लावली. पाव आत घातले की कॅसेट सुरू; एक बाजू संपून बटण खट्‌कन वर आलं की दार उघडायचं. पाव अगदी लालसर, फुललेले. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. म्हातारपणी माणसाला गाण्याची आवड लागली, एवढंच लोक म्हणाले.

पण त्या यंत्रालाही वय होतं. एका दुपारी त्याने कॅसेटची फीत गिळली आणि मान टाकली. दादांचा चेहरा असा उतरला की अण्णांच्या मुलीला बघवेना. ही बबडी. आता नोकरीला लागली होती, ऑफिसात तिला मॅडम म्हणत, पण घरी ती बबडीच.

"काका, एवढं काय त्यात?" तिने आपला जुना फोन भट्टीशेजारच्या फळीवर ठेवला. "यात सगळी गाणी आहेत. फुकट."

"फुकट ते पौष्टिक," दादा म्हणाले, पण विश्वास बसला नव्हता. "सगळी म्हणजे किती?"

"तुम्ही म्हणाल ती."

दादांनी मुद्दाम खोडा घातला. त्यांच्या लहानपणी तंबूत एक सिनेमा आला होता, आठवड्यात पडला. त्यातलं एक गाणं आई पीठ चाळताना गुणगुणायची. ते गाणं पुढे कुणी कुठे वाजवलं नाही, ज्याला विचारावं तो म्हणे, असं गाणंच नाही. दादांनी चाचरत दोन शब्द सांगितले. बबडीने ते फोनला सांगितले, आणि गाणं सुरू झालं.

दादांनी तोंडात बोट घातलं. तीच बासरी, तोच आवाज, मधे गाणारी बाई जिथे श्वास घ्यायची तो श्वाससुद्धा तोच. आई तिथेच थांबून चाळणी झटकायची. दादांनी तोंड भट्टीकडे वळवलं आणि धुराने डोळ्यांत पाणी आलं, असं बबडीला सांगितलं. खरं तर भट्टी अजून पेटलीही नव्हती.

त्या दिवसापासून दादा त्या फोनवर फिदा झाले. काय सांगावं त्याचं कौतुक! एक गाणं मागितलं की त्याच्या जोडीची चार आपसूक यायची, जणू आत कुणी जाणकार बसलाय आणि म्हणतोय, हे आवडलं ना, मग हेही ऐका. न सांगता मनातलं ओळखणारं माणूस घरात मिळत नाही, इथे फळीवर मिळालं होतं. "ज्याने कुणी हे केलं असेल ना पैलवान," दादा म्हणायचे, "त्याला इथे बसवून गरम पाव खाऊ घातला पाहिजे."

अडचण एकच. कॅसेटची बाजू संपायची, हे संपतच नव्हतं. फोनवरचे वेळेचे आकडे इतके बारीक की दादांना दिसायचे नाहीत. पहिल्या दिवशी खट्‌ आवाजाची वाट बघत बसले असते तर कोळसाच झाला असता. पण मधेच एक बाई बोलली. "पाठ दुखतेय? आजच आमची गादी घ्या." दादा दचकले. बबडी म्हणाली, "जाहिरात आहे काका. फुकट आहे ना, म्हणून थोड्या थोड्या गाण्यांनी लागते."

दादांनी कान टवकारले. पहिली जाहिरात लागली तेव्हा पाव फुगत असणार. दुसरीला वरून रंग धरत असणार. तिसरीला त्यांनी देवाचं नाव घेऊन दार उघडलं. पाव असे झाले होते की पैलवानाने न विचारता एक उचलला.

झालं, दादांना नाक सापडलं. गादीवाली असो, दातांच्या पेस्टवाला असो, विम्यावाला असो, तिसरी जाहिरात लागली की दार उघडायचं. कुणाला कळू नये म्हणून वरवर मात्र कटकट करायचे. "ही बया ऐन रंगात येऊन कडमडते," असं मोठ्याने म्हणायचे आणि मनात तिचे पाय धरायचे.

ही कटकट बबडीने मनावर घेतली. ज्या काकांच्या मांडीवर ती लहानाची मोठी झाली, त्यांच्या गाण्यात कुणी गादी विकावी हे तिला कसं चालेल? पहिला पगार झाला तशी तिने फोनवर पैसे भरले आणि जाहिराती बंद करून टाकल्या. सांगितलं कुणालाच नाही. काका ऐकतील, चकित होतील, मग सांगू, असा तिचा बेत.

त्या दुपारी दादांनी पाव आत घातले, दार लावलं, गाणी सुरू केली आणि स्टुलावर बसले. अशी मैफल आजवर जमली नव्हती. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. आईचंही गाणं आलं. दादा डोळे मिटून गुडघ्यावर ठेका धरून बसले.

"दादा." अण्णा दारात उभे होते, मागे पिठाच्या हातांनी पैलवान.

"थांब रे, अजून पहिलीच लागायचीय."

"पहिली काय? दादा, जळतंय."

"कुठे?" दादा म्हणाले.

जळका वास पुढच्या रस्त्यापर्यंत पोचला होता. रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. आणि भट्टीपासून हातभर अंतरावर बसलेला माणूस विचारत होता, कुठे. अण्णा काय ते समजले. मग त्यांनी स्वतः दार उघडलं, लांब दांड्याच्या फळीने काळे ठिक्कर पाव बाहेर ओढले आणि पुढे जाऊन लोकांना सांगितलं, धुराडं तुंबलं होतं, उद्या या.

संध्याकाळी तिघं घरी बसले. बबडीने रडत रडत आपलं गुपित सांगितलं, मग दादांनी आपलं. अण्णा भडकले. "मी सगळ्या गावात तुझ्या नाकाचे गोडवे गात हिंडतो, आणि तू मलाच सांगत नाहीस?"

"तू गात होतास, म्हणूनच सांगवेना," दादा म्हणाले. "आण आता तुझी विजेची भट्टी. मी बसतो गल्ल्यावर."

अण्णा जेवले नाहीत. ताट सारून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दादा बेकरीत आले, ते भट्टीचा निरोप घ्यायच्या तयारीने. बघतात तर भट्टी पेटलेली, पैलवानाने पाव मांडून ठेवलेले, फोन फळीवर. गाणी लावली तर थोड्या वेळाने गादीवाली हजर. बबडीने तिला परत आणलं होतं. एरवी बंद असायचं ते पुढच्या खोलीचं दार मात्र आज सताड उघडं होतं आणि त्याला खाली वीट लावली होती; भट्टीचा वास थेट गल्ल्यापर्यंत जात होता.

पहिली जाहिरात झाली. दुसरी झाली. मग आईचं गाणं लागलं. ते अर्ध्यावर आलं असेल नसेल, तोच गल्ल्यावरून अण्णांची हाक आली.

"दादा, जाहिरात लागली बघ."

दादांनी फोनकडे बघितलं. बासरी वाजत होती. लाकडं आज जास्त वाळलेली होती आणि तिसऱ्या जाहिरातीला ते कळणार नव्हतं. दादांनी दार उघडलं. पाव लालसर, फुललेले, एकही करपला नव्हता.

पुढे रांगेतली एक बाई म्हणाली, "कसली जाहिरात? मला तर गाणंच ऐकू येतंय."

"तुम्हाला नाही कळायचं," अण्णा सुटे मोजत म्हणाले. "आमच्या दादाचे कान फार तिखट आहेत."