परतीचं ऊन

टक्.

झोपलेल्या दुपारी एवढाच आवाज झाला. पडदे ओढलेले, नळसुद्धा गप्प, आणि थोपटून थोपटून झोपवलेली भिंगरी टेबलाखाली बसून टॉर्च लावत होती. आई नकाशावर वाकली होती. तिने हाक मारली नाही. लेकीने झोपल्याचं सोंग करायचं आणि आपण फसल्याचं. दोघींचं तेवढ्यावर बरं चाललं होतं.

टेबलावर आईने केलेलं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. विद्यापीठाची जुनी दगडी इमारत, तिच्या पूर्वेला नवी, उंच इमारत, आणि मधल्या अंगणावर काचेचं छप्पर. जुनीला पाडायचं नव्हतं. आतून लोखंडी चौकटी घालून तिला बळ द्यायचं आणि नवीच्या हातात हात देऊन उभं करायचं, असं ठरलं होतं. कागदावर हे फार सोपं. सासूसुनेचंही कागदावर सोपंच असतं.

अडचण होती ती पानांच्या खोलीची. जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, वाळवलेल्या पानाफुलांचा संग्रह होता आणि तो सांभाळणाऱ्या बाई होत्या. आई शिकत असताना चित्रं काढायला तिथे जाऊन बसायची. बाई हाकलत नसत. त्यांचं सगळं काम पूर्वेच्या उन्हात चाले. दिव्याखाली फुलांचे रंग खोटं बोलतात, असं त्या म्हणत. ते ऊन आता नवी इमारत अडवणार होती. उजेड पुरला नाही तर संग्रह तळघरात हलवायचा आणि खोलीत ऑफिस थाटायचं, हे विभागप्रमुखांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंनी रडारड केली नाही. एवढंच म्हणाल्या, "माझी सकाळ तेवढी सांभाळ गं."

आणि ही हो म्हणून बसली.

उजेडाचं गणित तिने मांडलं ते जुन्या नकाशावरून. मजबुतीचं काम दुसऱ्यांकडे, त्यांचे नकाशे वेगळे. त्यांच्या चौकटीने प्रत्येक खिडकी वीतभर अरुंद होणार, हे तिला आत्ता आत्ता कळलं होतं. गणित बरोबर होतं, भिंत चुकीची धरली होती. आज तिने मॉडेलच्या खिडक्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या, तशी पानांची खोली अंधारात पार मिटून गेली.

भिंगरी टेबलाखालून निघाली, खुर्चीवर चढली आणि तिने टॉर्च धरला तो भलत्याच बाजूने, पश्चिमेकडून, जुन्या छपरावरून तिरका. उजेड काचेतून खाली उतरला, नव्या इमारतीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडला, आणि तिथून मागे वळून दबक्या पावलांनी पानांच्या खोलीत शिरला. आईने नकाशा बाजूला सारला.

मॉडेल पांढरं होतं. खऱ्या भिंतीला मात्र काळपट फरशा लागणार होत्या. तिने बैठकीत चुन्याचा पांढरा गिलावा मागितला. मुलं हात पुसतील, नावं लिहितील, असं विभागप्रमुख म्हणाले. नावं काळ्या फरशीवरही लिहितीलच, खडूने, आणि ती जास्त उठून दिसतील, असं तिने सांगितलं. हशा पिकला आणि गिलावा मंजूर झाला. पण बाईंना काय मिळणार, हे भिंत उभी राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. तोवर तिला एकच स्वप्न पडत राहिलं: ती ओंजळीतून ऊन नेते आहे, आणि जिना काही संपत नाही.

नव्या भिंतीसमोरची बांबूंची परांची उतरली त्या दिवशी भिंगरीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून मायलेकी दोघीही गेल्या. सकाळी खोली राखेच्या रंगाची होती. बाई टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या. विभागप्रमुख डोकावले आणि तळघर अगदी कोरडं आहे हं, असं मायेने सांगून गेले.

दुपार कलली. आधी समोरची भिंत उजळली, तापत्या दुधावर कडेकडेने साय धरावी तशी. मग ते ऊन परतलं. त्याला धार नव्हती, घाई नव्हती. टेबलावर, बाईंच्या मनगटांवर, कपाटांच्या पितळी कड्यांवर ते नुसतं टेकलं. या खोलीने उतरतं ऊन कधी पाहिलंच नव्हतं. कपाटातली पानंसुद्धा आता कूस बदलतील, असं वाटत होतं.

बाईंनी एक वाळकं फूल भिंगाखाली धरलं. खूप वेळ धरलं.

"निळं ते निळंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

"पण बाई, सकाळ नाही राखता आली मला."

"नाहीच आली. उजेड आणायला गेलीस आणि माझा दिवसच उलटा करून ठेवलास." त्यांनी चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ. "आता दुपारची येत जाईन. सकाळी काय करू, ते तूच सांग. लोळायची सवय या वयात कुठून लावू?"

त्यांनी स्वतःच विभागप्रमुखांना बोलावून फूल दाखवलं. तळघराचं नाव मग कोणी काढलं नाही.

भिंगरी खिडकीशी उभी होती. खिडकीचा दगडी कट्टा बाहेरच्या अंगाला उतरता होता; पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून कुणीतरी कधीकाळी तो तसा तासला होता. काचेच्या छपराखाली आता तो कधीच भिजणार नव्हता. लेकीने अंग झोकून हात पलीकडे काढला. आईने मागून फ्रॉक धरला. पलीकडे वारा नव्हता. गुळगुळीत जमीन, नवा जिना, खालून कुणाच्यातरी बोलण्याचा घुमारा. भिंगरीने हात आत घेतला आणि तळवा उलटसुलट करून पाहिला.

"आई, या खिडकीतून बाहेर दिसायचं ना?"

"हो."

"मग इथलं बाहेर कुठे गेलं?"